बातमी राहू द्या, नाव सोडा

२०१८च्या आषाढात एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. ओली छत्री त्यांनी दाराबाहेरच टेकवली, पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली आणि न्यायालयाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली. पहिलं आणि शेवटचं पान लॅमिनेट केलेलं. शेवटच्या पानावर ‘आरोपी क्रमांक ४’ या शब्दांखाली लाल पेनाने रेघ ओढलेली होती आणि त्या रेघेवरच लॅमिनेशन मारलेलं होतं. ‘निर्दोष मुक्त’ या शब्दांखाली दोन रेघा.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. गूगलवर त्यांचं पूर्ण नाव देवनागरीत टाइप केलेलं होतं आणि खाली पहिलीच ओळ आमच्या वर्तमानपत्राची होती. पतसंस्थेतल्या अपहारप्रकरणी पाच जणांना अटक. आत नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय २६, गाव, तालुका. बातमी २००९ची. ती मीच लिहिली होती.

“सर, कागदावरची केव्हाच रद्दीत गेली. ही जात नाही,” ते म्हणाले.

ते त्या पतसंस्थेत लिपिक होते. व्यवस्थापकाने सांगितलं तिथे सह्या केल्या, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल झाला त्यात नाव आलं, अकरा दिवस कोठडी झाली. सात वर्षं तारखा. २०१६मध्ये सुटले. पुण्यातल्या एका कंपनीत हिशेबनीसाची नोकरी जवळजवळ पक्की झाली होती, तिथून अचानक फोन येणं बंद झालं. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी निदान खरं सांगितलं, की आम्ही नाव टाकून बघतो.

मी ठरलेलं उत्तर दिलं. छापलेली बातमी काढता येत नाही, ते धोरण आहे. त्यावर ते जे बोलले ते मी आजवर विसरलेलो नाही. “बातमी काढा असं मी म्हणतच नाही, सर. पतसंस्था बुडाली हे खरंच आहे. माझ्या आईचेच अडतीस हजार त्यात अडकलेत. ती राहू द्या. फक्त माझं नाव तेवढं...”

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. धोरणात तशी सोयच नव्हती. बातमी एक तर असते किंवा नसते, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. या विषयावर आज जो वाद चालतो, तोही याच गृहीतावर चालतो. एक बाजू म्हणते, जे लिहिलं गेलं ते पुसायचं नाही, तो इतिहास आहे. दुसरी म्हणते, माणसाला आपलं जुनं ओझं टाकून देता आलं पाहिजे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मला वाटतं त्या एकमेकींच्या विरोधातही नाहीत. मजकूर समाजाचा असतो, नाव माणसाचं असतं. मजकूर पुसायचा हक्क सहसा कुणालाच नसावा. नाव सोडवून घ्यायचा हक्क मात्र सामान्य माणसाला असलाच पाहिजे, तोही विनासायास.

मराठीत हा प्रश्न थोडा उशिरा आला, त्याचं कारण मजेशीर वाटेल पण खरं आहे. सुरुवातीच्या काळात मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या फाँटमध्ये असत. पडद्यावर अक्षरं मराठी दिसायची, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची भेंडोळी होती. तुम्ही शोधायला गेलात तर काही सापडत नसे. पुढे सगळे युनिकोडवर, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच अक्षरसंकेतावर आले, जुना मजकूरही रूपांतरित झाला आणि त्या दिवशी अक्षरशः हजारो माणसांची नावं झोपेतून जागी झाली. कुणी त्यांना विचारलं नाही. आम्हालाही तेव्हा सुचलं नाही. आम्ही आनंदात होतो, की आता आपली मराठी शोधता येते.

त्यात आपली नावं लिहायची पद्धत. इंग्रजी बातमीत नाव आणि आडनाव येतं, त्या नावाची दहा माणसं असतात. मराठी गुन्हेवृत्तात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, गाव, कधी गल्लीसुद्धा येते. इतकं छापल्यावर माणूस चुकूनही दुसरा कुणी निघत नाही. आडनावावरून जातही कळते, आणि जात कळली की वाचणाऱ्याचा अंदाज आपोआप पुढे धावतो. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये असतं तसं आम्ही उतरवून घेत आलो. अचूकपणा म्हणून शिकवलेली गोष्ट आहे ती, आणि कागदाच्या काळात ती बरोबरही होती.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, की गाव तरी कुठे विसरतं? इंटरनेट नव्हतं तेव्हाही चोराचं पोर म्हणून बोट दाखवलं जायचंच. बोट दाखवलं जायचं हे खरं. पण गावाला पुढचंही माहीत असतं. खटला सात वर्षं चालला, पोराने विहिरीजवळचा तुकडा विकून वकिलाचे पैसे दिले, हा सुटला, आईचे पैसे मात्र बुडाले, हे सगळं त्याच पारावर बोललं जातं. गावाच्या आठवणीत अटक असते तशी सुटकाही असते. गूगलला फक्त अटक ठाऊक आहे, आणि तो दोष गूगलचा कमी, आमचा जास्त. अटक झाली की संध्याकाळपर्यंत पोलिसांची प्रेसनोट येते. निर्दोष सुटला की कुणी कळवत नाही. सरकारी पक्षाला त्यात रस नसतो, सुटलेल्या माणसाला पुन्हा नाव छापून यायची धास्ती असते आणि तालुक्याच्या वार्ताहराला सात वर्षं एका खटल्याच्या तारखा सांभाळणं शक्य नसतं. म्हणजे आम्ही जो इतिहास जपतो म्हणतो, तो मुळात अर्धाच लिहिलेला असतो.

युरोपात या प्रश्नाला २०१४मध्ये मोठं वळण लागलं. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या घराच्या लिलावाची नोटीस १९९८मध्ये तिथल्या ‘ला व्हँग्वार्दिया’ या दैनिकात आली होती. सामाजिक सुरक्षेची देणी थकली होती म्हणून. देणी फिटली, वर्षं गेली, पण नाव टाकलं की तीच नोटीस पुढे यायची. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला, की त्यांचं नाव टाकून शोधल्यावर तो दुवा गूगलने दाखवू नये. वर्तमानपत्रातलं पान मात्र जागेवर राहिलं, कारण ती नोटीस सरकारी आदेशानेच छापलेली होती. दुसरं काही शोधता शोधता कुणाला ते पान आजही मिळू शकतं. त्या गृहस्थांचं नाव खटल्यामुळे जगभर झालं. मी ते इथे लिहीत नाही. लेखाला त्याची गरज नाही.

मला त्याहून जवळचा वाटतो तो बेल्जियमचा खटला. १९९४मध्ये एका डॉक्टरच्या गाडीने अपघात झाला, दोन माणसं गेली. ‘ल स्वार’ या दैनिकाने नावासह बातमी दिली. डॉक्टरांना शिक्षा झाली, ती भोगून झाली, २००६मध्ये कायद्याने त्यांचं पुनर्वसनही झालं. २००८मध्ये वर्तमानपत्राने आपले जुने अंक ऑनलाइन ठेवले आणि रुग्ण डॉक्टरांचं नाव शोधताना त्या अपघातावर येऊन पोचू लागले. न्यायालयाने सांगितलं, की ऑनलाइन अंकात नावाच्या जागी ‘एक्स’ घाला. वर्तमानपत्र वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. ४ जुलै २०२३ रोजी तिथल्या मोठ्या पीठाने बहुमताने सांगितलं, की यात स्वातंत्र्याचा भंग नाही. छापील अंक तसाच आहे. अपघात झाला, दोघे गेले, हेही तसंच आहे. एक नाव तेवढं गेलं. आमच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाने पाच वर्षं आधी नेमकं हेच मागितलं होतं.

आता मजकूर का राखायचा, ते सांगतो. कारण ‘काढून टाका’ हे सोपं उत्तर आहे आणि त्यातून होणारं नुकसान लगेच दिसत नाही.

१८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येत होती. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, वय पंचविशीचं, आणि लिहीत होते पुण्याच्या ब्राह्मणांच्या आळसावर, विधवांच्या हालांवर. स्वतःच्या नावाने ते लिहिणं त्यांना जड गेलं असतं. टोपणनावाआड मजकूर उभा राहिला आणि टिकला. पंचवीस-तीस वर्षांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्या पत्रांवर तुटून पडून टीका केली. आता कल्पना करा, की मधल्या काळात देशमुखांनी ‘माझी जुनी पत्रं नष्ट करा’ म्हणून मागणी केली असती आणि ती मान्य झाली असती. चिपळूणकरांचा राग कशावर, हेच आपल्याला कळलं नसतं. वाद दोघांचा असतो. एकाने आपली वाक्यं उचलून नेली की दुसऱ्याची वाक्यं हवेत लटकतात आणि तोच वेडा दिसायला लागतो. चारचौघांत झालेल्या लेखी बोलण्यातून एखाद्याला नंतर बाहेर पडावंसं वाटलं तर त्याने आपलं नाव घेऊन जावं. शब्द तिथेच राहू द्यावेत, कारण त्या शब्दांना उत्तर देणाऱ्याचाही त्यांच्यावर तितकाच हक्क झालेला असतो.

दुसरं उदाहरण याहून कडू आहे. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, कितीतरी. पोलीस ठाण्यात नोंदवह्या झाल्या, हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं राहिली. १९५२मध्ये तो कायदा गेला, माणसं विमुक्त झाली, पण वहीतलं नाव पिच्छा सोडेना. आजही एखाद्या वस्तीत चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जीप जाते, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ‘टोळी जेरबंद’ असा मथळा येतो. या नोंदवह्या जाळाव्यात का? मुळीच नाही. सरकारने काय केलं त्याचा तो लेखी पुरावा आहे, आणि अशा पुराव्यावाचून उद्या कुणीही म्हणू शकेल की असं काही झालंच नव्हतं. पण त्या वहीतल्या माणसाच्या नातवाचं नाव गावासकट कुणालाही मोबाइलवर सापडावं, याचं समर्थन कोण करेल?

आपल्याकडे कायद्याची अवस्था अर्धवट आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी विस्मरणाच्या हक्काची, म्हणजे आपली जुनी माहिती लोकांच्या नजरेआड करून घ्यायच्या हक्काची चर्चा केली, माणूस बदलतो हे मान्य केलं आणि हा हक्क अमर्याद नाही हेही सांगितलं. नंतर उच्च न्यायालयं वेगवेगळ्या वाटांनी गेली. अंमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकी नागरिकाला २०२१मध्ये दिल्लीत अंतरिम दिलासा मिळाला, निकाल शोधात दिसू नये असा आदेश निघाला. केरळने डिसेंबर २०२२मध्ये कौटुंबिक खटल्यांपुरती सोय दिली, इतरांना सरसकट देता येत नाही म्हटलं. मद्रासच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२४मध्ये एका निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकाल ‘इंडियन कानून’ या निकालांच्या संकेतस्थळावरून काढायला सांगितला, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मला ती स्थगिती योग्य वाटते. निकाल हा न्यायाधीशाने जनतेला दिलेला हिशेब आहे, तो संकेतस्थळावरून नाहीसा होता कामा नये. पण न्यायालयाला स्वतःच निकालाच्या प्रतीत नावाऐवजी आद्याक्षर घालता येतं. बलात्कारपीडितेच्या बाबतीत कायदा हे कधीपासून करतो. कौटुंबिक खटल्यांतही करता येतं. निर्दोष सुटलेल्यांसाठी का करता येऊ नये?

२०२३चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा अनेकांना वाटलं, की आता अर्ज केला की काम झालं. तसं नाही. माहिती पुसून घ्यायचा हक्क त्याच्या कलम १२मध्ये आहे, पण तो मुख्यतः आपण संमतीने दिलेल्या माहितीपुरता. बँकेला, दुकानाला, ॲपला दिलेला नंबर, पत्ता वगैरे. जे तुम्ही स्वतःच जाहीरपणे मांडलं किंवा कायद्याने जाहीर करावं लागलं, त्याला हा कायदा लागूच नाही. म्हणजे वर्तमानपत्रात आलेला लिपिकही कोरडा, आणि विशीत चारचौघांत काहीतरी बरळून चाळिशीत पस्तावणाराही कोरडा.

उलट या कायद्याने दुसऱ्या बाजूला मोठं भगदाड पाडलं, आणि इथे मी सगळ्यात जास्त अस्वस्थ आहे. त्याच्या कलम ४४ने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) हे कलम बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर नाहक आक्रमण होतं, हे दिसावं लागे. आता ‘वैयक्तिक माहिती आहे’ एवढं पुरतं. नोव्हेंबर २०२५मध्ये हा बदल लागूही झाला. व्यापक जनहिताचं कलम ८(२) अजून आहे, पण ते वापरायचं की नाही हे त्याच अधिकाऱ्याच्या हाती आहे. महाराष्ट्रात आदर्श सोसायटीतले सदनिकाधारक कोण, कुणाचे कोण लागतात, हे २०१०च्या सुमारास बाहेर आलं त्यात माहिती अधिकाराचे अर्ज होते, आणि त्यातून मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. सदनिका कुणाच्या नावावर, ही वैयक्तिक माहितीच की! लिपिकाला जे मिळत नाही, ते पदावरच्या माणसाला न मागता मिळालं आहे.

म्हणून नाव सोडायचं म्हणताना माणूस कोण आहे हे पाहावंच लागेल. ज्याच्या हाती सार्वजनिक पद किंवा लोकांचा पैसा होता, त्याचं त्या कामातलं नाव राहिलं पाहिजे. निवडणूक लढवणाऱ्याला आपल्यावरचे खटले प्रतिज्ञापत्रात लिहावे लागतात ते २००२-०३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे. निवडून यायची इच्छा धरणाऱ्याने विस्मरण मागू नये. त्या पतसंस्थेचा अध्यक्ष मला भेटला असता तर मी त्याला नाही म्हटलं असतं, आणि तो सुटला असता तर बातमीखाली तसं ठळक लिहिलं असतं. तिथला लिपिक मात्र अध्यक्ष नव्हता.

काही बाबतीत मजकूरही राहता कामा नये. बाईची खासगी चित्रं तिच्या संमतीविना कुणी टाकली तर तिथे जपण्यासारखं काही नाही, ती तासांच्या आत उतरली पाहिजेत. लहान मुलांची ओळखही तशीच. यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही.

आद्याक्षर घातलं तरी तपशिलावरून माणूस ओळखू येतो, ही हरकत मी मान्य करतो. आठशे वस्तीच्या गावात ‘पतसंस्थेतला लिपिक’ म्हटलं की झालं. पण त्या गावाला तो सुटल्याचंही ठाऊक आहे. प्रश्न तिसऱ्या ठिकाणच्या त्या बाईंचा आहे, ज्या फक्त नाव टाकून बघतात.

हे जमणारं काम आहे. अमेरिकेत ‘क्लीव्हलँड डॉट कॉम’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने २०१८मध्ये आणि ‘बोस्टन ग्लोब’ने जानेवारी २०२१मध्ये अशी व्यवस्था सुरू केली. लोकांकडून अर्ज घेतात, संपादकांची समिती बसते, कधी नाव काढलं जातं, कधी पुढची माहिती जोडली जाते. मराठी दैनिकांना यासाठी कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. निकालाची नक्कल घेऊन माणूस आला तर त्याच आठवड्यात ऑनलाइन बातमीत नावाच्या जागी ‘एक कर्मचारी’ लिहावं आणि खाली तारखेसह ओळ जोडावी, की या प्रकरणातील अमुक आरोपींची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, त्यानुसार नाव वगळलं आहे. छापील फायलीला हात लावू नये. संशोधकाला खरं नाव हवं असेल तर तो फायलीपर्यंत येईल, तेवढे कष्ट त्याने घ्यावेत.

मी हे आमच्या संपादकांसमोर दोनदा मांडलं. दोन्ही वेळा ‘बघू’ झालं.

२०२१मध्ये आमचं संकेतस्थळ नव्या कंपनीकडे गेलं. नवं रूप आलं, मोबाइलवर छान दिसू लागलं आणि २०१३च्या आधीचं सगळं गेलं. कुणी मागणी केली नव्हती, कुणी निर्णयही घेतला नव्हता, जुना साठा आणायचे पैसे वेगळे पडत होते एवढंच. दुष्काळाची वर्षं गेली, स्वाइन फ्लूचं वर्ष गेलं. त्या लिपिकाचं नावही गेलं. मी त्यांना फोन करून सांगितलं, त्यांनी आभार मानले आणि पुण्यात आता काम मिळाल्याचं सांगितलं.

पुढच्या मार्चमध्ये ठेवीदार कृती समितीचे सचिव आले, सत्तरीचे. पतसंस्थेच्या जप्त मालमत्तेचा विषय पुन्हा निघाला होता आणि २००९मध्ये प्रशासकाने ठेवींचा कोणता आकडा जाहीर केला होता ते त्यांना बातमीवरून दाखवायचं होतं. मी संगणकावर शोधलं, काही नव्हतं. आम्ही दोघं माळ्यावर गेलो. त्या सालाची फाइल सापडली, पण जून ते सप्टेंबरच्या खंडाला ओल लागून पानं एकमेकांना चिकटली होती. सचिवांनी नखाने एक कोपरा सोडवून पाहिला, तर शाईसकट पापुद्रा निघाला. त्यांच्या पिशवीतल्या यादीत ठेवीदारांची नावं होती. अडतीस हजारांपुढे त्या लिपिकाच्या आईचं नाव मी वाचलं.